भिंतीकडे तोंड

भिंत त्याने आधी ओळखली, आवाज नंतर.

तसं पाहिलं तर भिंतीत ओळखण्यासारखं असतं काय? पण जिच्यासमोर उभं राहून माणसाने निम्मा जन्म काढला, ती भिंत अंधाऱ्या खोलीत पडद्यावर अचानक समोर आली, म्हणून काय परकी वाटणार आहे? फिकट पिवळा रंग. वरून उतरत आलेली आणि मध्येच, काहीतरी विसरल्यासारखी, थांबलेली भेग. भेगेच्या टोकाशी खिळा उपटल्याचं भोक. ते भोक त्याच्याच हातचं. कपड्यांच्या मोठ्या दुकानात तो काचेची सजावट करायचा. म्हणजे रस्त्याकडच्या काचेआड पुतळ्या उभ्या करायच्या, त्यांना कपडे घालायचे, आठवडा झाला की ते उतरवून दुसरे घालायचे. दुकानात त्याला सगळे काचवाले म्हणत. काचेच्या आतल्या चिंचोळ्या जागेची ही बाजूची भिंत, रस्त्यावरून न दिसणारी. आज तो या कलादालनात आला होता तो एका बाहीसाठी. दुकानातली एक पुतळी इथे प्रदर्शनात नेली होती, तिच्या अंगावरच्या कपड्याची डावी बाही खांद्यावरून घसरत होती, आणि मालक म्हणाला होता, "काचवाले, जरा जाऊन या. तिथल्या लोकांना टाचणी कुठे मारायची ते कळत नाही." तो टाचण्यांची डबी खिशात टाकून निघाला. जेवण उरकून, भर दुपारी, उन्हात. खोलीच्या मधोमध उभ्या पुतळीची बाही त्याने नीट केली, दोन पावलं मागे सरून पाहिलं, आणि जायला वळला तर समोर त्याची भिंत.

मग आवाज. आधी नुसतं गुणगुणणं. आई पहाटे कामाला लागताना देवाचं नाव ज्या चालीवर घोळवायची, ती चाल. तिच्या ओठांवरून ती त्याच्या ओठांवर कधी आली, त्याला ठाऊक नव्हतं. आपण गुणगुणतो हेच मुळी त्याला ठाऊक नव्हतं. चांगला गातोय कोणी, असं त्याच्या मनात आलं. आणि मग त्या कोणीतरी म्हटलं, "चल गं बाई, हात दे. असा. दुखलं नाही ना?" तेव्हा त्याने तो आवाज ओळखला. टाचण्या ओठांत धरून बोलणाऱ्या माणसाचा आवाज कसा येतो हे ज्याला आतून माहीत आहे, त्याला तो बाहेरून ऐकताना काय होतं, हे सांगायला शब्द शोधावे लागतील. तो आवाज त्याचा होता, आणि नव्हताही. आतून तो त्याला नेहमी जाडसर वाटे, भरवशाचा. हा तर एखाद्या घाबरलेल्या, लाडीगोडी लावणाऱ्या माणसाचा होता.

तो मागे सरकला, बाकाला पाय लागला, बसला. या खोलीत सहा पडदे होते. पाच पडद्यांवर माणसं होती. रस्त्यावरून जाणारी, काचेपाशी थांबणारी, आत बघणारी. सगळी थेट तुमच्याकडे बघत होती. एक गृहस्थ पुतळीच्या गळ्यापासून खाली बघत गेला, गुडघ्याशी थांबला, मग त्याने एकदम आजूबाजूला कोण आहे ते पाहून घेतलं. दोन पोरं एकमेकांना कोपर मारत हसली. एका बाईने कपडा पाहिला, मग काचेतलं स्वतःचं प्रतिबिंब पाहिलं, पोट आत घेतलं, आणि निघून गेली. ते आत घेतलेलं पोट पाहून त्याला उगाच वाईट वाटलं. म्हणजे कॅमेरा पुतळीच्या डोळ्यात होता! इतका वेळ पुतळीच त्यांच्याकडे बघत होती. आणि हे कळताच बाकीचं सगळं एकामागून एक त्याच्या डोक्यात कोसळत गेलं. मालक म्हणाला होता खरा, "महिनाभर एक पोरगी आपल्या काचेचं चित्रीकरण करणार आहे, तुम्ही तुमचं काम चालू ठेवा." त्याला वाटलं, कॅमेरा रस्त्यापलीकडे कुठेतरी असेल. त्याच सुमारास आलेली नवी पुतळी. तिचं डोकं जड लागत होतं. टाचेतून एक वायर निघत होती. आतल्या दिव्याची असेल, असं समजून ती वायर त्यानेच पोटरीच्या मागून, मोज्याच्या शिवणीत, अशी सुरेख दडवली होती की कोणाला म्हणून दिसू नये. आपल्याच हाताने. आता हसावं की कपाळ बडवून घ्यावं?

सहाव्या पडद्यावर मात्र माणूस नव्हता. नुसती भिंत. कारण कपडे बदलताना तो पुतळीचं तोंड भिंतीकडे करायचा.

हे त्याला वस्तादांनी शिकवलं होतं. वस्ताद म्हणजे दुकानातले जुने सजावटकार, याच्या आधी काच सांभाळणारे, उंच, वाकलेले, कायम खोकणारे. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, "आधी काचेवर कागद. मग पुतळीचं तोंड भिंतीकडे. मग बटणाला हात. हा क्रम चुकला तर माझ्या काचेत पाय ठेवायचा नाही." हात खांद्यातून कसे फिरवून काढायचे, कंबरेतून धड कसं उचलायचं, पुढून कपडा नेटका बसावा म्हणून पाठीमागे चिमटे आणि टाचण्या कशा मारायच्या, हे सगळं त्यांनी शिकवलं, पण ते करताना पुतळीचं तोंड भिंतीकडे. त्याने एकदा विचारलं होतं, का. वस्ताद खोकले, म्हणाले, "तुला आवडेल का रे, कपडे उतरवताना कोणी बघितलेलं?" तेव्हा ते उत्तर त्याला इतकं थोर वाटलं की घरी जाऊन त्याने ते नव्या नवरीला सांगितलं. बायको हसली होती. "अहो, पण कागद लावलाय ना काचेवर? मग बाहेरून कोण बघतंय? आत तर तुम्ही दोघंच." तो म्हणाला होता, "तुला नाही कळायचं." त्यालाही कळलं नव्हतं. आज या बाकावर बसून, स्वतःची भिंत बघत, त्याला पहिल्यांदा वाटलं की बायकोने तेव्हा फार साधी गोष्ट विचारली होती. तोंड भिंतीकडे केल्याने पुतळीला आपण दिसेनासे होतो. ती आपल्याला दिसतच राहते. मग लाज राखली ती कोणाची?

पण छे, असं कसं? लाकडाफायबरच्या पुतळीला कसली आली नजर! वस्ताद देवभोळे, चांगले होते. तोही वाईट नव्हता. कोणाही पुतळीला त्याने कधी वेडावाकडा हात लावला नव्हता. मुलगी सासरी पाठवताना लोक काय जपत असतील, तसं तो त्यांना गाडीतून उतरवून घेई. हे तरी खरं ना? हे खरं होतं. आणि पडद्यातून तो आवाज येतच होता, आणि आता तो आवाज जे बोलू लागला ते ऐकून त्याने आधी दाराकडे पाहिलं, मग आजूबाजूला. अगदी काचेपुढच्या त्या गृहस्थासारखं.

"आज ती म्हणाली, बघता का एकदा," आवाज सांगत होता. "म्हणजे आज नाही गं. तेव्हा. झाली दोन वर्षं. पण मला रोज आजच वाटतं. म्हणाली, बघता का एकदा, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरच्यांनी बघितलं की बरं वाटतं. आणि मी काय बोललो माहीत आहे? मी म्हटलं, दिवा घालवू का, तुला झोप येईल. अगं, भर दुपारी! दिवा लावलेलाच नव्हता. ऊन आलं होतं चादरीवर. मी उठलो, बटण दाबलं, तर दिवा लागला. मग परत दाबलं. ती काही बोलली नाही. तशी ती बोलायची, टोमणा मारायची. काही बोलली नाही गं." थोडा वेळ कापडाची सळसळ. मग, टाचण्या बाजूला काढल्यासारखा, स्पष्ट: "तुझं बरं. तुझं काही कमी झालं तर कारखान्यातून दुसरं येतं."

इथे भिंत संपत होती. पडदा काळा व्हायचा, आणि पुन्हा भेग, पुन्हा गुणगुणणं.

बायकोच्या छातीतली डाव्या बाजूची गाठ काढली तेव्हा डॉक्टरांनी सगळंच काढलं होतं. बरी झाली, देवाची कृपा. केस परत आले, आधीपेक्षा दाट आले, ती शिवणाच्या वर्गाला पुन्हा शिकवायला जाऊ लागली. जगाच्या दृष्टीने सगळं मिटलं. दवाखान्यातून घरी आल्यावर पट्टी बदलायची होती. नर्सने त्यालाच शिकवली होती, हा असा बोळा, ही अशी पट्टी. आणि दिवसभर अंग हाताळणारा, खांदे फिरवणारा, सुरकुती न पडू देता कपडा चढवणारा हा माणूस, त्याने मेव्हणीला बोलावून घेतलं. "माझा हात जड आहे," म्हणाला. त्याचा हात! मेव्हणी दाराआडून म्हणाली, "भावजी, तुमचा हात जड असेल तर आमचे काय पाय म्हणायचे?" ती थट्टा होती की नव्हती, हेही त्याने धड ठरवलं नाही. तो बाहेरच्या खोलीत बसून राहिला, वर्तमानपत्राचं तेच पान वाचत. घाण वाटली का त्याला? नाही. शपथेवर नाही. भीती वाटली? हो, पण कशाची? त्या जागेची? कापलेलं, शिवलेलं त्याला नवं नव्हतं, भावाचा पाय मोडला तेव्हा त्यानेच सारं केलं होतं. मग कशाची? इथपर्यंत तो पुष्कळदा आला होता आणि इथेच, त्या भेगेसारखा, थांबला होता. घरात दोघं बोलत नव्हती असं नव्हे. भाजी महाग झाली, नळाचा वॉशर गेला, मुलाचं परगावहून फोनवर काय बोलणं झालं, सगळं. फक्त त्या दुपारच्या आसपास दोघंही फिरकत नसत. ओल्या फरशीला वळसा घालून जावं तशी.

आणि रविवारी ती इथे येणार होती. मालकाने दुकानातल्या सगळ्यांना प्रदर्शनाचे पास वाटले होते, याचे दोन. बायकोने ते आरशाच्या कडेला खोचून ठेवले होते. "रविवारी जाऊ. तुमच्या पुतळीला सवत म्हणून एकदा बघू तरी." 

"काचवाले काका ना?" दारातून कोणीतरी म्हणालं. केस बारीक कापलेली, खांद्याला झोळीसारखी पिशवी, त्याच्या मुलाच्या वयाची. हीच ती कॅमेरावाली. "बाही बसली की हो! आम्ही तिघींनी प्रयत्न केला, ती घसरतेच. तुम्ही जादू करता."

"पाठीमागून टाचलीय," तो म्हणाला. हात भिंतीकडे गेला. "हे... हे मी आहे."

"हो." तिचा चेहरा खुलला आणि लगेच उतरला. "म्हणजे मालक तुम्हाला काहीच बोलले नाहीत? आवाजही लावणार आहे म्हणून? मला म्हणाले, काचवाल्यांना विचारलंय, त्यांची काही हरकत नाही."

"मला वाटलं कॅमेरा रस्त्यावर आहे."

ती बाकावर त्याच्या शेजारी बसली. मग म्हणाली, "चुकलं माझं. मीच येऊन विचारायला हवं होतं. मालकांवर सोडायला नको होतं."

तिने असं पटकन चूक कबूल केल्याने त्याचीच पंचाईत झाली. भांडायला उभा राहिलेला माणूस पाट सरकवून बसवला जावा तसं झालं. तो म्हणाला, "हे काय आहे सगळं? म्हणजे कशासाठी?"

"बायकांकडे वस्तू म्हणून बघतात, काका. कोणालाही विचारा, नाही म्हणतो. म्हटलं, वस्तूलाच डोळा देऊ. ती काय बघते ते बघू."

"मग यात भिंत कशाला?"

"तेच तर." तिने दोन्ही हात केसांतून फिरवले. "इतक्या माणसांनी तिच्याकडे बघितलं. एकट्या तुम्ही तिचं तोंड फिरवलंत. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी रडले. म्हटलं, एक तरी भला माणूस निघाला. दुसऱ्यांदा बघितलं तेव्हा राग आला. म्हटलं, बाकीचे निदान तिच्यासमोर उभे तरी राहतात. हा तिला तोंड फिरवून उभी करतो आणि मनातलं सगळं तिच्या पाठीवर ओततो. तुम्ही सगळ्यांत चांगले की सगळ्यांत वाईट, मला आजवर ठरवता आलं नाही. म्हणून ठेवलं. तुम्ही का करता तसं?"

"वस्तादांनी शिकवलं," तो म्हणाला. मग म्हणाला, "मान म्हणून." मग म्हणाला, "नाही कळत." तिन्ही खरं होतं. शेवटचं जास्त. "ते काढून टाका. रविवारी माझी बायको येणार आहे."

कॅमेरावालीने पडद्याकडे पाहिलं. भेग दिसत होती. "त्यांनी ऐकू नये म्हणून?"

"तिला वाईट वाटेल."

"तुम्हाला खात्री आहे?"

त्याला कशाचीच खात्री नव्हती. पण माणूस अशा वेळी मान हलवतो, तशी त्याने हलवली. ती म्हणाली, "आवाज तुमचा आहे. तुम्ही म्हणता तर उद्या सकाळी पडदा बंद करते. पाचच ठेवते." आणि तिने खरोखर वाईट वाटल्यासारखा, पण तक्रार न करता, त्याच्या हाताला हात लावला. "काका, गुणगुणता मात्र गोड हं."

सुटलो, असं त्याला वाटायला हवं होतं. तो दाराशी आला. तिथे स्टुलावर एक पोक्त बाई बसली होती, येणाऱ्या-जाणाऱ्यावर लक्ष ठेवायला, पायांतल्या चपला काढून, पाय चोळत. ती म्हणाली, "ऐकलं मी. भिंत काढणार म्हणे."

"हो."

"अरे देवा. मग त्या बाईला काय सांगू? येते ना एक, दुपारची. पहिल्या दिवशी पास घेऊन आली, आता रोजच येते, मीही तिकीट मागत नाही. बाकी पडद्यांकडे ढुंकून बघत नाही. भिंतीपुढे बसते, दोनदा-तीनदा ऐकते, आणि जाते. मी म्हटलं, बाई, आहे काय त्या भिंतीत? तर म्हणाली, ओळखीची आहे."

"कशी आहे बाई?"

"कशी म्हणजे? चारचौघींसारखी. पिशवी तेवढी अशी धरते." आणि राखणाऱ्या बाईने काखोटीला मारल्यासारखी, डाव्या बाजूला छातीशी घट्ट, नसलेली पिशवी धरून दाखवली.

रस्त्यावर ऊन तसंच होतं. तो चालत सुटला. कुठल्याही बाईने पिशवी डाव्या बाजूला धरावी, त्यात काय! उजव्या हाताने काम करणाऱ्या सगळ्याच बायका डावीकडे धरत असतील. त्याने समोरून येणाऱ्या बायका बघायला सुरुवात केली, कोण पिशवी कुठे धरते ते; आणि तिसऱ्या बाईने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने दचकून मान खाली घातली. मी पिशवी बघत होतो हो बाई. पण काचेपुढचा तो गृहस्थही कपडाच बघत असेल, त्याच्या मते. पास आरशाला दोन होते का एक? सकाळी दाढी करताना त्याने पाहिले होते. पाहिले होते म्हणजे डोळ्यांपुढे होते. एक की दोन? आठवेना. इतकी वर्षं काचेचं काम, बोटभर सुरकुती लांबून दिसते, आणि नाकासमोरचा पास दिसला नाही. दुकानांच्या काचा एकामागून एक येत होत्या. एकीत पुतळीच्या पाठीवरचा चिमटा आरशात उघडा पडला होता, कोणी नवशिक्याने काम केलेलं. पुढून राणी, मागून सगळं टाचलेलं. एरवी तो आत जाऊन सांगून आला असता. आज त्याला वाटलं, पुतळ्या त्याच्याकडे बघताहेत. असं कधी वाटलं नव्हतं. मग वाटलं, बघत नव्हत्या तेव्हाच बरं होतं. मग त्या वाटण्याची लाज वाटली. आणि लाज वाटली म्हणून थोडा राग आला, कोणावर ते कळेना. रोज येते! रोज ऐकते, आणि घरी येऊन आपल्याला विचारते, वॉशर आणलात का?

घरी आला तेव्हा बायको खिडकीशी बसून कापड बेतत होती. पश्चिमेचं ऊन फरशीवर टेबलाच्या पायापर्यंत आलं होतं. आरशाच्या कडेला एक पास होता.

"लवकर?" ती म्हणाली.

"बाही होती एक. झाली." त्याने डबी टेबलावर ठेवली. पाणी प्याला. फुलपात्र धुतलं, जे तो कधी धूत नसे. पाठमोराच म्हणाला, "अगं, रविवारी तिकडे जायला नको. काही नाही तिथे. उगाच तंगडतोड. नुसते पडदे लावलेत."

"किती?"

"पाच."

कात्रीचा आवाज थांबला. "मी सहा मोजले."

नळ चालूच होता. त्याने तो बंद केला. आता वळायला हवं, हे त्याला कळत होतं. पाय वळू देत नव्हते. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, फरशीवर घासत, लांबवर. त्याने वळून पाहिलं तेव्हा बायकोने आपली खुर्ची खोलीच्या कोपऱ्यात नेली होती, भिंतीपासून हातभर अंतरावर, आणि ती तिच्यावर बसली होती. भिंतीकडे तोंड करून. हात मांडीवर. पाठ ताठ.

"हं," ती म्हणाली. "बोला आता."

"हे काय चालवलंयस?"

"तुम्हाला असंच जमतं ना? मी हलत नाही. टाचण्या हव्या असतील तोंडात तर डबी टेबलावर आहे."

टोमणाच होता. किती दिवसांनी! पण आवाज टोमण्याचा नव्हता. शिवणाच्या वर्गातल्या बुजऱ्या पोरीला सुई कशी ओवायची ते दाखवतात, तसा होता. तो तिच्या पाठीकडे बघत राहिला. पाठी त्याला कळतात. गाऊन डाव्या खांद्यावर जरा जास्त ओघळलेला, तिथे एक टाचणी मारली की बसेल, हे त्याच्या बोटांना त्याच्या आधी समजलं. मानेवर नवे दाट केस. त्यांत पांढरे. ते पांढरे कधी आले? तो बोलायला गेला. "अगं," एवढंच निघालं. काचेआड जे धारेसारखं ओघळायचं ते इथे थेंबभर येईना. जमत कसं नाही? मांडणी तर तीच होती. पाठ, भिंत, आणि तो. फक्त ही पाठ श्वास घेत होती. वर होत होती, खाली होत होती, आणि तो काय करतोय ते तिला न बघता कळत होतं.

"मी सांगितलं ते काढायला," तो म्हणाला. "उद्या काढतेय ती."

"नका काढायला लावू." पाठ हलली नाही. "त्या दुपारबद्दल तुम्ही बोललेलं तेवढंच आहे माझ्याकडे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा उठून निघाले होते. वाटलं, फायबरच्या बाईला सांगितलं, मला नाही. मग परत बसले. म्हटलं, सांगितलं तरी." मग म्हणाली, "पण रोज तिकिटाच्या दारातून जाऊन भिंतीकडून ऐकायचं, कंटाळा आला हो मला."

त्याला रडू येईल असं वाटलं, आणि आलं नाही. काय करायचं ते कळेना. तो पुढे गेला. खुर्ची फिरवावी, असं हातांना वाटलं. खांदे धरायचे, हळूच फिरवायचं, आयुष्यभर तेच तर केलं. हात खांद्यांपर्यंत गेले आणि त्याने मागे घेतले. नाही. तिला फिरवायचं नाही. मग तो खुर्चीला वळसा घालून भिंतीच्या आणि तिच्या गुडघ्यांच्या मधे शिरू लागला. जागा हातभर. शिवणयंत्राची कड मांडीला लागली, शर्ट खुंटीला अडकला, पाठीला चुना लागला. "अहो, पडाल," ती म्हणाली. तो शिरला. पाठ भिंतीला टेकवून, गुडघे वाकवून, तिच्या तोंडासमोर तोंड येईल इतका खाली आला. आणि वर पाहिलं.

ती बघत होती.

अगदी सरळ. पापणी न हलवता. रागाने नव्हे, मायेनेही नव्हे. काय होतं त्या डोळ्यांत ते त्याला वाचता येईना. आणि तेव्हा त्याला ते सापडलं, ज्याच्यापाशी तो इतके दिवस येऊन थांबत होता. त्या जागेची भीती नव्हतीच. आपण ती जागा बघत असताना ती आपल्या चेहऱ्याकडे बघत असेल, आणि आपल्या चेहऱ्यावर तेव्हा काय उमटेल ते आपल्याआधी तिला दिसेल, याची होती. आता दिसत असेल तिला. जे असेल ते. झाकायला हात नव्हते. दोन्ही हात भिंतीला टेकलेले, नाहीतर तो पडला असता.

"त्या दुपारी," तो म्हणाला. आवाज तोच निघाला, पडद्यातला, घाबरलेला. "त्या दुपारी तू म्हणालीस, बघता का. मी ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं."

"माहीत आहे."

"मग मी म्हटलं..."

"तेही माहीत आहे." तिच्या ओठांचा एक कोपरा हलला. हसू होतं का ते? फरशीवरचं ऊन आता खुर्चीच्या पायांपर्यंत पोचलं होतं आणि तिच्या घोट्यांवर चढत होतं. तिचा हात गाऊनच्या वरच्या बटणाशी गेला आणि तिथेच राहिला. "काय मग?" ती म्हणाली. "दिवा घालवू का?"

"नको," तो म्हणाला.

तिच्या हाताकडे बघावं की डोळ्यांकडे, त्याला ठरवता येईना. ती बघतच होती. त्याने मान वळवली नाही.